पार्किंगचा मजला बसतो कधी? कोसळण्याचं गणित, कमी वेळात

भूकंपाच्या नॉनलिनियर (इमारत चिरून-वाकून मऊ होते हे धरणाऱ्या) अ‍ॅनालिसिसमध्ये सगळ्यात सर्रास होणारी चूक अशी: रन, म्हणजे कॉम्प्युटरवरची एका भूकंपाची गणना, १८व्या सेकंदाला अडकतो, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) ‘कन्व्हर्ज होत नाही’, म्हणजे उत्तर जुळत नाही, असं म्हणतो, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जातं की इमारत १८व्या सेकंदाला कोसळली. सॉल्व्हर दमला म्हणजे इमारत पडली असं नव्हे. कोसळणं आकड्यांत दिसावं लागतं. एका मजल्याचा ड्रिफ्ट (उंचीच्या प्रमाणात त्याच्या छताचं आडवं सरकणं) वाढत गेला आणि परत फिरलाच नाही, कॉलमनी वरचं वजन सोडलं, हे दिसलं तर इमारत पडली. ते न दिसता रन थांबला तर तो गणिताचा अपघात.

आणि या अपघाताला घाबरून लोक मॉडेल आणखी बारीक करतात, मेश (मॉडेलचे तुकडे) आणखी लहान करतात, मशीन आणखी मोठं मागतात. वेळ बहुतेक वेळा तिथे वाया जातच नसतो. तो वाया जातो कारण सगळी इमारत आणि सगळा भूकंप सारख्याच बारकाईने मोजला जातो. इमारत मात्र एकाच मजल्यात आणि थोड्याच सेकंदांत पडते.

पुण्यात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड, कुठल्याही गल्लीत शिरा: खाली पार्किंग, वर पाच मजले, कॉलम नऊ इंची म्हणजे भिंतीत लपणारे. आय.एस. १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीप्रमाणे पुणे झोन तीनमध्ये, झोन फॅक्टर ०.१६. असाच एक नमुना घेऊ. प्लॅन १६ बाय १२ मीटर, १६ कॉलम, प्रत्येक २३० बाय ४५० मिमी, निम्मे एका दिशेला आणि निम्मे आडवे. काँक्रीट एम-२०, ८ सळया १६ मिमीच्या, रिंगा ६ मिमीच्या २०० मिमी अंतरावर, आणि त्यांचे हुक ९० अंशांचे. पार्किंगची उंची २.७ मीटर.

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागदावर एवढं करा. प्रत्येक स्लॅबला भिंतींसह चौरस मीटरला १२ किलोन्यूटन धरले तर एका स्लॅबचे २३०० आणि सहा स्लॅबचे मिळून १३,८०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १४०० टन. प्रत्येक कॉलमवर सरासरी ८६० किलोन्यूटन. एवढ्या वजनाखाली कॉलमची मोमेंट क्षमता (वाकवणं सोसण्याची ताकद) मजबूत दिशेला अंदाजे १२०, कमजोर दिशेला ५५ किलोन्यूटन-मीटर. वर-खाली दोन्ही टोकांना हिंज (बिजागरीसारखे वळणारे छेद) झाले की मजबूत दिशेचा कॉलम ८९ आणि कमजोर दिशेचा ४१ किलोन्यूटन आडवं बल घेतो. आठ-आठ कॉलमची बेरीज १०४० किलोन्यूटन. हे वजनाच्या साडेसात टक्के.

हा साडेसात टक्क्यांचा आकडा जपून ठेवा. वरचे पाच मजले एकसंध ठोकळ्यासारखे सरकले, तर वजन गुणिले सरकणं हा मोमेंट कॉलमची ताकद खात जातो. ड्रिफ्ट दोन टक्के झाला, म्हणजे पार्किंगचं छत ५४ मिमी सरकलं, की २७६ किलोन्यूटन गेले, पाव ताकद संपली. ड्रिफ्ट साडेसात टक्के झाला की उरतं शून्य. म्हणजे कॉलम अजिबात फुटले नाहीत, सळया वाकल्या नाहीत असं मानलं तरी २० सेंटिमीटरच्या पलीकडे ही इमारत परत येणार नाही. प्रत्यक्षात त्याच्या बरीच आधी जाईल. तुमच्या मॉडेलने १२ टक्के ड्रिफ्टला इमारत उभी दाखवली, तर मॉडेलमध्ये पी-डेल्टा (हाच वजन गुणिले सरकण्याचा परिणाम) चालू नाही किंवा कुठेतरी फुकटची ताकद शिरली आहे. असल्या चुका पकडायला हा पाच मिनिटांचा हिशोब पुरतो.

आता बारकाई कुठे खर्च करायची ते ठरतं. पार्किंगच्या १६ कॉलमना फायबर सेक्शन (काँक्रीट-सळईच्या बारीक पट्ट्यांत विभागलेला छेद) द्या, कातर (आडवं कापणारं बल) आणि उभं वजन सोडण्याचं स्प्रिंग द्या. वरच्या मजल्यांच्या बीम-कॉलमना टोकाला साधे हिंज पुरतात. चौथ्या-पाचव्या मजल्याला तर क्रॅक सेक्शनची लवचिक मेंबरं चालतात, आय.एस. १८९३ प्रमाणे कॉलमला ७० टक्के आणि बीमला ३५ टक्के इनर्शिया (छेदाचा वाकण्याला विरोध) घेऊन. मात्र एकदा रन झाल्यावर वरचे मोमेंट तपासा. तिथे कुठे क्षमता ओलांडली असेल तर तेवढा मजला परत बारीक करा. टू-डी फ्रेम घेऊन वेळ वाचवण्याचा मोह या इमारतींत आवरावा, कारण लिफ्ट आणि जिना हमखास एका कोपऱ्यात असतात आणि इमारत पिळली जाते.

जिन्याचं वेगळं सांगायला हवं. मधल्या लँडिंगचा बीम कॉलमला अर्ध्या उंचीवर पकडतो. तोच ८९ किलोन्यूटनचा कॉलम आता अर्ध्या लांबीचा झाला, म्हणजे हिंज होण्यासाठी त्याच्यावर १७८ किलोन्यूटन कातर यावं लागेल. काँक्रीट आणि २०० मिमीवरच्या रिंगा मिळून देतात ढोबळमानाने १३०. म्हणजे तो वाकणार नाही, तिरका चिरणार. जिना ‘नॉनस्ट्रक्चरल’ म्हणून मॉडेलमधून वगळला की सगळ्यात आधी जाणारे दोन-तीन कॉलम मॉडेलमध्ये सगळ्यात शेवटपर्यंत तग धरतात.

भिंतींचंही तसंच. वरच्या मजल्यावरची सहा इंची भिंत घ्या, ४ मीटर लांब, २.५ मीटर उंच, विटांची आणि मसाल्याची ताकद ५-५ मेगापास्कल. आय.एस. १८९३ च्या सूत्रांनी भिंतीचा मॉड्युलस (मटेरियलचा ताठरपणा) येतो सुमारे ११९० मेगापास्कल, तिरक्या स्ट्रटची (भिंतीऐवजी मॉडेलमध्ये धरलेल्या दांड्याची) रुंदी ६३० मिमीच्या आसपास, आणि आडवा ताठरपणा मिलिमीटरला १७ किलोन्यूटन. शेजारचा ३ मीटर उंच कॉलम, मजबूत दिशेला, क्रॅक धरून, देतो साधारण बारा. म्हणजे वरच्या मजल्यावरची एकेक भिंत एकेका कॉलमला भारी पडते, आणि खाली पार्किंगमध्ये भिंतच नाही. वरचे मजले ठोकळ्यासारखे का वागतात याचं उत्तर एवढंच आहे. स्ट्रट टाकायला प्रत्येक भिंतीमागे दोन एलिमेंट लागतात, रनचा वेळ फारसा वाढत नाही. इथे कंजूषपणा केला तर नुकसान सगळ्या मजल्यांवर सारखं पसरल्याचं दिसतं आणि इमारत कागदावर वाचते.

२६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये ज्या इमारती बसल्या त्यांत पार्किंगवाल्या ठळक होत्या, आणि भूकंपाचं केंद्र तिथून दोनशे किलोमीटरहून दूर होतं. पुण्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. आपल्याकडे रेकॉर्ड (जमिनीच्या हलण्याची नोंद) निवडताना लोक थेट कोयनेचा घेतात, ११ डिसेंबर १९६७ चा. जवळचा आहे, आपला आहे, सगळं खरं. पण तो धरणाजवळ नोंदलेला, कमी वेळाचा आणि झपाट्याचा धक्का आहे, त्याची शक्ती लहान पिरियडमध्ये (पिरियड म्हणजे एका हेलकाव्याचा वेळ). कोयनेच्या धरणावर चिरांचा अभ्यास करायला जगभर तोच वापरतात आणि ते योग्यच आहे. पुणे मात्र तिथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, आणि आपली इमारत एक-सव्वा सेकंदाची. लांबून येणारे, लांबट, संथ रेकॉर्डही संचात हवेतच. नुसत्या कोयनेवर पास झालेल्या इमारतीबद्दल मी काहीच म्हणणार नाही.

आता फायबर कॉलमबद्दल, कारण निम्म्या चुका इथे होतात. फोर्स-बेस्ड एलिमेंट (बलांवरून हिशोब करणारा मॉडेलचा तुकडा) घेऊन ओपनसीस या सॉफ्टवेअरमध्ये सवयीने पाच इंटिग्रेशन पॉइंट (जिथे छेद तपासला जातो त्या जागा) दिले जातात. काँक्रीट कठीण होत असेपर्यंत काही बिघडत नाही. काँक्रीट मऊ व्हायला लागलं, म्हणजे ताण कमी होत असताना आकार वाढायला लागला, की सगळं नुकसान टोकाच्या एकाच पॉइंटमध्ये गोळा होतं. त्या पॉइंटच्या वाट्याला किती लांबी येते ते बघा. लोबाटो पद्धतीत पाच पॉइंटला टोकाचा वाटा लांबीच्या ५ टक्के, २.७ मीटरच्या कॉलमला १३५ मिमी. चार पॉइंटला बारावा भाग, २२५ मिमी. तीन पॉइंटला सहावा भाग, ४५० मिमी. खरा हिंज किती लांब? प्रचलित सूत्र: कातर-लांबीच्या (इथे कॉलमची अर्धी उंची) ८ टक्के अधिक ०.०२२ गुणिले सळईची ताकद गुणिले व्यास. १३५० च्या ८ टक्के १०८, अधिक ०.०२२ गुणिले ४१५ गुणिले १६ म्हणजे १४६, मिळून २५४ मिमी. पाच पॉइंटच्या मॉडेलमध्ये हिंज निम्मा पडला, म्हणून कॉलम निम्म्या वळणालाच मान टाकतो. तीन पॉइंटमध्ये जवळपास दुप्पट टिकतो. तीच इमारत, तोच भूकंप, आणि निकाल पॉइंटच्या संख्येवर. या कॉलमला चार पॉइंट जमून जातात, पण ते नशीब. रीतसर उपाय दोन: हिंजची लांबी स्वतः देता येते असं एलिमेंट घ्या, किंवा काँक्रीटच्या उतरत्या भागाचा स्ट्रेन त्या लांबीच्या प्रमाणात बदला म्हणजे फुटायला लागणारी ऊर्जा तेवढीच राहते.

मटेरियलमध्ये उदारपणा नको. ९० अंशांचे हुक काँक्रीटचं कवच उडालं की उघडतात, त्यामुळे गाभ्याला कन्फाइनमेंटचा (रिंगांनी आवळून ठेवण्याचा) फायदा द्यायचा नाही. रिंगांतलं अंतर सळईच्या व्यासाच्या साडेबारा पट आहे, एवढ्यात सळई यील्ड झाल्याबरोबर (ताकदीची मर्यादा गाठताच) बाहेर फुगते. साध्या स्टीलच्या मॉडेलला हे कळत नाही, ते मरेपर्यंत ताण घेत राहतं. बकलिंग असलेलं मटेरियल घ्या. तुलनेसाठी: आय.एस. १३९२० या भूकंपासाठी सळया-रिंगा ठरवणाऱ्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत याच कॉलमच्या टोकांना रिंगा ५७ मिमीवर आल्या असत्या, हुक १३५ अंशांचे. आणि मुळात २३० मिमीचा कॉलमच चालला नसता, किमान ३०० लागतो.

एक छुपी फुकटची ताकद रिजिड डायफ्रॅममधून येते, म्हणजे स्लॅब आडवा ताणत-दबत नाही असं मानण्यातून. फायबर बीम चिरला की तो लांबतो, हे त्याचं स्वाभाविक वागणं. दोन्ही टोकं डायफ्रॅमने जखडली तर त्याला लांबता येत नाही, आत दाब तयार होतो आणि दाबामुळे बीमची मोमेंट क्षमता वाढते. बीमच्या अ‍ॅक्सियल फोर्सचा ग्राफ एकदा काढून बघा, शेकड्यांत किलोन्यूटन दिसले तर समजा. टोकाला अ‍ॅक्सियल मोकळं सोडायचं किंवा स्लॅब शेल म्हणून घ्यायचा.

डॅम्पिंगवर थोडा वेळ घालवतो, कारण इथे चूक झाली तरी रन सुरळीत चालतो आणि म्हणूनच ती सापडत नाही. पहिला पिरियड १.२ सेकंद, दुसरं टोक ०.२ सेकंद, दोन्हीकडे ५ टक्के रेली डॅम्पिंग (हेलकावे विझवणारा विरोध, काही वस्तुमानाच्या आणि काही ताठरपणाच्या प्रमाणात). वस्तुमानाचा गुणांक येतो ०.४५, ताठरपणाचा ०.००२७. ताठरपणाचा भाग सुरुवातीच्या ताठरपणावर ठेवला तर कॉलम चिरून मऊ झाला तरी डॅम्पर पहिल्या दिवसाइतकाच कडक राहतो, आणि कॉलमला न परवडणारं बल तो घेतो. तो चालू ताठरपणावर घ्या. वस्तुमानाचा भाग तर पडणाऱ्या स्लॅबला पॅराशूट लावतो. २.७ मीटर मोकळं पडल्यावर वेग हवा सेकंदाला सव्वासात मीटर. ०.४५ गुणांकाने तो साडेसहावर येतो, आणि खालच्या स्लॅबवर आदळणारी ऊर्जा २० टक्क्यांनी कमी होते. स्लॅबवर स्लॅब बसत जाईल की मध्येच थांबेल हा प्रश्न असताना २० टक्के ऊर्जा अशी हवेत विरू देणं परवडत नाही.

एवढं झालं की हलण्याचा भाग इम्प्लिसिट पद्धतीने (दर स्टेपला समतोल जुळवत) चालवा, टाइम स्टेप ०.००५ सेकंद. न्यूटन (समीकरणं सोडवायची नेहमीची पद्धत) अडकला तर क्रम असा: क्रायलॉव्ह-न्यूटन, मग लाइन सर्च, मग स्टेप दहावा भाग, आणि तिढा सुटला की स्टेप परत मूळचा. टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) सैल करणं या यादीत नाही. ओपनसीसची डीफॉल्ट सिस्टिम मॅट्रिक्स पॉझिटिव्ह-डेफिनिट आहे, म्हणजे ताठरपणा कुठेच ऋण नाही, असं धरून चालते. पुशओव्हरमध्ये (इमारत एका बाजूला ढकलत नेताना) इमारत उतरणीला लागली की ते खरं राहत नाही आणि रन पडतो. अमफपॅक हा सॉल्व्हर घ्या. मजल्याचा ड्रिफ्ट १० टक्के ओलांडला की स्क्रिप्टनेच रन बंद करून ‘कोसळली’ लिहावं, आणि त्याआधी अडकलेल्या रनला ‘अनिर्णित’ असा वेगळा शिक्का मारावा. हे दोन शिक्के एकत्र झाले की पुढची कोसळण्याची सगळी संभाव्यता खोटी.

एकच रन कधीच पुरत नाही. फेमा या अमेरिकी संस्थेच्या पी-६९५ अहवालातला दूरच्या भूकंपांचा संच २२ जोड्यांचा, म्हणजे ४४ रेकॉर्ड. प्रत्येकाला दहा-बारा तीव्रता दिल्या तर पाचशेच्या आसपास रन. तीव्रता समान पायऱ्यांनी वाढवत जाण्याऐवजी आधी मोठ्या उड्या मारून कोसळण्याच्या अलीकडची-पलीकडची तीव्रता पकडायची आणि मग मधलं अंतर निम्मं-निम्मं करत जायचं. रेकॉर्डमागे सात-आठ रनमध्ये काम होतं, एकूण साडेतीनशे. रन सहा मिनिटांचा असेल तर ३५ तास, आणि १६ कोअरवर सव्वादोन तासांच्या आसपास. प्रत्येक कोअरला एक पूर्ण रन द्या. दोन-तीन हजार डिग्री ऑफ फ्रीडमचं (म्हणजे तेवढ्या अज्ञात हालचालींचं) मॉडेल १६ कोअरमध्ये फाडलं तर कोअर एकमेकांची वाट बघत बसतात. आपल्या शहरात सुपरकॉम्प्युटर बनवणाऱ्या सी-डॅकचं मुख्यालय आहे म्हणून या कामाला सुपरकॉम्प्युटरच हवा असं नाही, ऑफिसातलं बरं मशीन रात्रीत हे करतं. रेकॉर्डर मात्र आवरा. प्रत्येक फायबरचा ताण प्रत्येक स्टेपला लिहिला तर प्रोसेसर रिकामा आणि डिस्क घामाघूम.

रेकॉर्डची शांत शेपूट कापायला हरकत नाही, पण शेवटी दहा सेकंद शून्य जोडा. काही इमारती जमीन थांबल्यावर, आपल्याच वजनाने, हळूहळू बसतात.

प्रत्यक्ष पडण्याचा भाग वेगळा. इथे एक्सप्लिसिट पद्धत (समतोल न जुळवता छोट्या स्टेपने थेट पुढे जाणारी) लागते आणि स्टेप लहान होतो. स्टेपची मर्यादा म्हणजे आवाजाला एक एलिमेंट ओलांडायला लागणारा वेळ. १०० मिमीच्या मेशमध्ये काँक्रीटमधून ३३ मायक्रोसेकंद, पण सळईतून आवाज सेकंदाला पाच हजार मीटर धावतो, म्हणजे २० मायक्रोसेकंद. काँक्रीटचं मॉडेल आणि हुकूम सळईचा. थोडं मार्जिन धरून १८ घेतले तर ४० सेकंदांच्या भूकंपाला २२ लाख स्टेप. त्यात कोणी ताठरपणाचं डॅम्पिंग तसंच ठेवलं तर स्टेप पावणेतीनशे पटींनी आणखी घटतो. रन महिनाभर का चालतोय याचं कारण बहुधा तेच. एक्सप्लिसिटमध्ये ते शून्य करा.

म्हणून संपूर्ण भूकंप सॉलिड मेशने चालवू नका. एलएस-डायनासारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच रनमध्ये इम्प्लिसिटवरून एक्सप्लिसिटवर जाता येतं. ड्रिफ्ट तीन-चार टक्के झाला की बदला आणि शेवटचे तीन-चार सेकंद तेवढे बारीक मोजा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात विस्थापन आणि वेग नेता येतात, कॉलमच्या चिरांचा इतिहास नेता येत नाही. तसं करायचंच असेल तर दुसरं मॉडेल काही सेकंद आधीपासून हलवा, म्हणजे कॉलम आपले आपण चिरतील.

दुसरी वाट बीम एलिमेंटनेच पडण्यापर्यंत जाण्याची. जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठात इसोबे यांनी वाढवलेली एएसआय-गाउस पद्धत मला या कामाला फार आवडते. प्रत्येक मेंबरला फक्त दोन लिनियर टिमोशेन्को एलिमेंट (कातरही धरणारे बीमचे तुकडे), प्रत्येकात एकच इंटिग्रेशन पॉइंट. या एलिमेंटची गंमत अशी की पॉइंट मध्यापासून जितका उजवीकडे ठेवाल तितकाच डावीकडे हिंज तयार होतो. म्हणून टोक यील्ड झालं की पॉइंट आरशातल्यासारखा उलट बाजूला सरकवायचा, हिंज नेमका टोकाला बसतो. तुटलं की त्या छेदातली बलं शून्य. एलिमेंट मीटर-दीड मीटरचं, म्हणून स्टेपही मोठा. अप्लाइड एलिमेंट पद्धत, ठोकळे आणि त्यांच्यामधली स्प्रिंगं, तीही चांगली, थोडी जड. पेठांतल्या दगड-विटांच्या वाड्यांना मात्र फ्रेमची कुठलीच युक्ती लागू नाही, तिथे डिस्क्रीट एलिमेंटच, म्हणजे प्रत्येक दगड-वीट सुटी धरणारी पद्धत.

पडताना तुकडे एकमेकांवर आदळतात. १०,००० तुकड्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी तपासणी म्हणजे दर स्टेपला पाच कोटी जोड्या. जागेचे घन पाडा, तुकडा फक्त आपल्या आणि शेजारच्या २६ घनांत बघा, आणि यादी दर स्टेपला न करता कुठलाही तुकडा ठरलेल्या मोकळ्या अंतराच्या निम्मा सरकला की मगच नवी करा. कॉन्टॅक्टचा ताठरपणा फार कमी असेल तर स्लॅब स्लॅबमधून आरपार जातो, फार जास्त असेल तर तोच स्टेप ठरवतो आणि तुकडे चेंडूसारखे उडतात.

फुटलेले एलिमेंट मॉडेलमधून पुसून टाकायची सोय सगळीकडे असते, आणि ॲनिमेशन त्याने छान दिसतं. पण पुसलेल्या काँक्रीटचं वजनही पुसलं जातं. सगळं शांत झाल्यावर पायाखालच्या उभ्या रिअ‍ॅक्शनची, ढिगाऱ्याखालच्या जमिनीवरचं धरून, बेरीज करा. ती १३,८०० यायला हवी. १२,९०० आली, तर ९० टन काँक्रीट खालच्या स्लॅबवर पडलंच नाही.